खुंटीवरचा तपकिरी कोट

वेंडल हौगनला तळावरची पोरं 'म्हातारबा' म्हणायची. वय पस्तिशीच्या आतबाहेर. पण जिथे विमानं उडवणारेच विशीतले, दाढी धड न फुटलेले, तिथे पस्तिशीचा माणूस म्हणजे आजोबाच की. वेंडललाही त्याचं काही वाटायचं नाही. तो विमानात बसत नव्हता, मशीनगन चालवत नव्हता. तो फोटो काढायचा. इंग्लंडच्या पूर्वेला, बार्लीच्या सपाट शेतांत अमेरिकेनं बॉम्बफेकी विमानांचे तळ उभारले होते, त्यातला एक हॉक्सली गावाला लागून होता. तिथल्या पत्र्याच्या अर्धगोल खोपटात वेंडलचा संसार. एक कॅमेरा, पडदा लावून केलेली अंधारी खोली, कोळशाची शेगडी, आणि भिंतीवर खुंटीला एक तपकिरी कोट.

या कोटाचं मूळ शोधायचं तर वेंडलच्या बापाकडे जावं लागतं. बापाचा मिनेसोटात, एका आडगावात, फोटोचा स्टुडिओ होता. गिऱ्हाईक म्हणजे नॉर्वेहून आलेले शेतकरी. लग्न ठरलं, पोराला चर्चमध्ये दीक्षा मिळाली, की फोटो काढायला यायचे, आणि अंगावर कोट कुणाच्या असायचा? कुणाच्याच नाही. म्हणून बापानं एक चांगला काळा कोट, कडक कॉलर आणि एक टाय स्टुडिओतच ठेवला होता. ज्याला नसेल त्यानं घालावा, फोटो काढून घ्यावा, परत टांगून घरी जावं. त्या गावात कुणाच्याही घरी गेलात तर भिंतीवरचा नवरदेव त्याच कोटात. आजा त्याच कोटात, नातू त्याच कोटात. कुणी हसत नसे. सगळ्यांचाच एक म्हटल्यावर लाज कसली वाटायची? वेंडल त्या कोटावरची धूळ झटकत लहानाचा मोठा झाला होता.

तळावर त्याला दोन तऱ्हेचे फोटो काढावे लागायचे. एक सरळ आनंदाचा. नव्या विमानाची दहा जणांची तुकडी आली की त्यांना विमानापुढे उभं करायचं, चौघं खाली गुडघ्यावर, सहा मागे. अंगावर सगळा सरंजाम: आतून लोकर असलेल्या कातड्याची जाकिटं, पायांत तसलेच जाडजूड बूट, वर समुद्रात पडलं तर तरंगवणारं पिवळं जाकीट, आणि आत विजेच्या तारांनी गरम होणारा निळा पोशाख. वर आकाशात इतकी थंडी की उघडा हात लोखंडाला चिकटून कातडी निघायची. पोरं त्या कपड्यांत अशी फुगून दिसायची की वेंडल म्हणायचा, जरा पोटं आत घ्या, आया म्हणतील लष्करात भलतंच खायला घालतात. मग सगळी हसायची आणि तेवढ्यात तो बटण दाबायचा. हे फोटो घरोघर जायचे.

दुसरा फोटो मात्र कुणाला दाखवायचा नसायचा. विमान पडलं आणि माणूस हवाई छत्रीनं फ्रान्समध्ये नाहीतर बेल्जियममध्ये उतरला, तर तिथली शेतकरी माणसं त्याला लपवायची, खोटं ओळखपत्र बनवून द्यायची आणि हातोहात सीमेपार काढायची. ओळखपत्र करायचं तर फोटो पाहिजे, आणि जर्मनांच्या राज्यात फोटोची फिल्म मिळायची मारामार. म्हणून प्रत्येकानं साध्या कपड्यांतले आपले चार छोटे फोटो बरोबरच न्यायचे, असा हुकूम होता. आता तळावर साधे कपडे कुठून आणणार? वेंडलनं बापानं केलं तेच केलं. गावात पोरांचे कपडे धुणारी पास्कबाई होती, तिच्याकडून साबणाच्या वड्या देऊन एक तपकिरी, नागमोडी विणीचा कोट आणि पट्ट्यापट्ट्यांचा टाय आणला. डाव्या कॉलरीला फाटलेलं होतं ते बाईनं नीट रफू करून दिलं होतं. किडकिडीत पोरगं असलं की पाठीमागून कपड्याचे चिमटे लावायचे. आडदांड असलं तर? त्यासाठी वेंडलनं पाठीची शिवण उसवूनच टाकली होती. समोरून सगळे झकास. वरून बँकेतला कारकून, आणि कमरेखाली तेच लोकरीचे बूट. एकेक जण स्टुलावर बसायचा, आणि बाकीचे रांगेत उभे राहून त्याची टर उडवायचे, की नवरदेव शोभतोस खरा, नवरी तेवढी हिटलरकडून आणायची बाकी आहे.

सगळा हिवाळाभर हे चाललं. त्या स्टुलावर बसून गेलेल्यांतले कितीतरी परत आले नाहीत. वेंडल नव्या पोराच्या अंगात कोट चढवायचा तेव्हा आधीच्या पोराच्या केसांच्या तेलाचा वास कॉलरला असायचा. तो वास त्याला नकोसा व्हायचा. कधीकधी तो कोट बाहेर वाऱ्यावर टाकायचा.

एप्रिलात बोहॅनन परत आला. बोहॅनन म्हणजे विमानाची वाट आखणारा लेफ्टनंट, जानेवारीत बेल्जियमवर पडलेला. तो मेला असंच सगळे धरून चालले होते. तो चालत, रेल्वेनं, डोंगर ओलांडून स्पेनमधून सुटून आला होता. असं सुटून आलेल्यानं तोंड उघडायचं नाही, अशी सक्त ताकीद असायची. तो आपलं सामान न्यायला तळावर आला, आणि सामान राहिलं बाजूला, सरळ वेंडलच्या खोपटात शिरला. आत आल्यावर त्याची नजर खुंटीवर गेली. तो बसला नाही.

"हा अजून वापरतोस?" त्यानं विचारलं.

वेंडल म्हणाला, वापरतो तर, कालच सहा जणांचे काढले.

मग बोहॅननला राहवलं नाही. त्यानं दार लावून घेतलं आणि सांगितलं. एका शाळामास्तरणीच्या घरात तो लपला होता. तिथेच आपल्याच तळावरचा आणखी एक पोरगा होता, वर्डेल नावाचा. दोघांची ओळखपत्रं झाली. एक झाला पाव भाजणारा, दुसरा झाला मुका गुराखी. नावं वेगळी, गावं वेगळी. मास्तरीण दोघांना घेऊन स्टेशनवर गेली. रांगेत वर्डेल पुढे, ती त्याच्याबरोबर, आणि ओळख दाखवायची नाही म्हणून बोहॅनन दोन माणसं सोडून मागे, पण टेबल नीट दिसेल असा. टेबलापाशी बसलेल्या जर्मन अधिकाऱ्यानं वर्डेलचं ओळखपत्र हातात घेतलं. चेहऱ्याकडे त्यानं पाहिलंच नाही. टेबलावरच्या काचेखाली त्यानं एक फोटो सरकवून ठेवला होता, त्याच्याशी ओळखपत्र ताडून पाहिलं आणि बोट ठेवलं. चेहऱ्यावर नाही, कॉलरीवर.

"रफूवर," बोहॅनन म्हणाला. "काचेखाली आपल्यातलाच कुणीतरी होता, म्हातारबा. याच कोटात. याच टायमध्ये. तो हसला आणि वर्डेलला इंग्रजीत म्हणाला, हॉक्सलीची हवा कशी आहे?"

बोहॅनन रांगेतून संडासात गेला, ओळखपत्र फाडून पाण्यात सोडलं आणि मागच्या मागे सटकला. वर्डेल कैदेत गेला. वैमानिक तो, त्याला कैदेतच ठेवायचे. मास्तरणीला मात्र त्याच आठवड्यात गोळ्या घातल्या. तिला, तिच्या भावाला आणि शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या नवराबायकोला. म्हाताऱ्यांचा दोष इतकाच की त्यांनी बटाटे दिले होते.

वेंडलनं स्टूल ओढलं आणि बसला, आणि बसल्यावर लक्षात आलं की हे तेच स्टूल. गावाकडे भिंतीभिंतीवर जो कोट पाहून माणसं म्हणायची, हा आपल्या गावचा, तसंच तो जर्मनही म्हणत होता. आणि त्या क्षणी तळावरची निम्मी विमानं आकाशात होती, प्रत्येकात दहा पोरं, प्रत्येकाच्या खिशात तो कोट. वेंडल उठून बाहेर गेला आणि ती परत येईपर्यंत धावपट्टीच्या कडेला उभा राहिला. त्या दिवशी सगळी आली. देवाचे आभार मानायचंसुद्धा त्याला सुचलं नाही.

कॅप्टन थर्लो तळावरचा गुप्तवार्तेचा अधिकारी. बोहॅननचं नाव न घेता वेंडलनं त्याला सगळं सांगितलं. माणूस समंजस. त्यानं हे कुठून कळलं म्हणून खोदून विचारलं नाही. म्हणाला, जुने फोटो सगळ्यांकडून गोळा कर, जाळ, नवे काढ. कारण कुणाला सांगू नकोस, पोरं हबकतील. कोट कुठून आणायचे ते तुझं तू बघ.

वेंडल सायकल घेऊन गावात निघाला. त्या वेळी इंग्लंडात कापड कूपनावर मिळायचं. चार वर्षं लोक ठिगळावर ठिगळ लावत होते. आणि हा परका माणूस दारोदार कोट मागत हिंडतोय. कशाला पाहिजेत तेही सांगता येत नाही. पहिल्यांदा पास्कबाईनं त्याला फैलावर घेतलं, की तुम्हा अमेरिकनांना खायला लोणी आहे, प्यायला कॉफी आहे, आता आमचे कपडेही पाहिजेत होय? मग त्याच्या तोंडाकडे बघून आत गेली आणि नवऱ्याचा चर्चला जायचा राखाडी कोट घेऊन आली. शिकारीचं रान राखणाऱ्या रखवालदारानं आपला हिरवा दिला. पाद्रीबुवांनी मफलर दिला. एका घरातून अगदी नवा, घडीही न मोडलेला कोट आला. तो कुणाचा ते वेंडलनं विचारलं नाही. बाहेरच्या खोलीत नौदलातल्या पोराचा फोटो होता आणि त्याला काळी फीत होती.

एका आठवड्यात नवे फोटो झाले. कुणी हिरव्यात, कुणी मफलरमध्ये, कुणी नुसत्या सदऱ्यावर. जुने शेगडीत गेले. पोरांनी हसत दिले. त्यांना वाटलं लष्कराचा आणखी एक येडपट हुकूम. एकच राहिला, रॉस्को पेल्टिये.

रॉस्को विमानाच्या कुशीतल्या खिडकीत मशीनगन धरून उभा राहायचा. मेन राज्यातल्या गिरणगावचा, घरी फ्रेंच बोलणारा, बडबड्या, आगाऊ, आणि वेंडलचा लाडका. तळावरची संध्याकाळ त्याची वेंडलच्या शेगडीपाशी जायची. त्याच्या ठरलेल्या उड्डाणफेऱ्या संपत आल्या होत्या. थोड्याच राहिल्या होत्या, त्या झाल्या की घरी. आणि जसजसं घर जवळ येतं तसतशी ही पोरं वेडी होतात. एक जण गळ्यातला रुमाल सहा महिने धूत नव्हता. एक जण दर वेळी विमानाच्या चाकाला लाथ मारल्याशिवाय चढायचा नाही. रॉस्कोनं तीन जुने फोटो दिले आणि चौथा ठेवून घेतला. तेलकट कापडात गुंडाळलेली ती पुडी त्याच्या जाकिटाच्या आतल्या खिशात असायची.

तो सरळच म्हणाला, "हा पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहे. तुझा नवाही नेतो, पण हा देणार नाही."

वेंडलनं आधी गोडीनं सांगितलं, मग रागावून. शेवटी कॅप्टनचा शब्द मोडून सगळंच सांगितलं, मास्तरणीसकट. म्हणाला, अरे, तुला काही होणार नाही, तू कैदेत जाशील. पण तू ज्या घरात पाणी मागशील ते घर जाईल. झडती घेतली आणि खिशात हा एक जरी सापडला तरी संपलं.

रॉस्कोचा चेहरा उतरला. मास्तरणीसाठी उतरला असेल, पण बोलला ते दुसरंच. "म्हणजे मी पडणार, हे तू धरूनच चाललायस." वेंडल कळवळून म्हणाला, तसं नव्हे रे. पण शब्द गेला तो गेला. उडणाऱ्या माणसाला तू पडशील असं कुणी म्हणत नसतं, म्हातारबानं ते दोनदा म्हटलं होतं. रॉस्को उठला, दाराशी जाऊन म्हणाला, "माझ्या खिशाला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो." त्यानंतर तो शेगडीपाशी आला नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस इतकं धुकं पडलं की उड्डाणं रद्द झाली. दुपारी पोरं गावात बिअर प्यायला गेली. उडायचे कपडे ठेवायच्या बराकीत कुणी नव्हतं. वेंडल आत गेला. ओळीनं टांगलेले निळे पोशाख, कातडी जाकिटं, खाली बुटांच्या जोड्या. रबर, घाम आणि ओल्या लोकरीचा वास. माणसं काढून घेतलेले रिकामे कपडे. रॉस्कोचं जाकीट त्याला लांबूनच ओळखू आलं, पाठीवरचं रानकोंबड्याचं चित्र वेंडलनंच रंगवून दिलं होतं. आतल्या खिशात हात घातला. पुडी उघडली, जुना काढला, नवा घातला, राखाडी कोटातला. परत तशीच गुंडाळली, चाचपून पाहिली. जाडी तेवढीच. खोपटात येऊन जुना शेगडीत टाकला. वेंडलला चोरी केल्यासारखं वाटलं, आणि ते खरंच होतं, त्यानं चोरी केली होती. पण कुठल्यातरी परक्या बाईचं घर वाचवलं असंही वाटलं. या दोन्हीतलं कुठलं जास्त हे त्याला ठरवता येईना.

धुकं उठलं. सकाळी विमानं निघाली तेव्हा वेंडल मुद्दाम रॉस्कोच्या विमानापाशी जाऊन थांबला. रॉस्कोनं त्याला पाहिलं आणि तोंड फिरवलं. चढायच्या आधी त्यानं छातीवर हात मारून खिसा चाचपला, नेहमीसारखा. पुडी लागली, समाधान झालं, वर चढला. वेंडलच्या जिभेवर आलं होतं, सांगून टाकावं. मग वाटलं, आता सांगितलं तर वर जाऊन हा पोरगा धड उभा राहील का? पंखे फिरायला लागले आणि बोलायची सोयच राहिली नाही.

ते विमान परत आलं नाही. शेजारून उडणाऱ्यांनी सांगितलं, बेल्जियमवर तोफेचा गोळा पंखाच्या मुळाशी बसला, पंख निघाला आणि विमान गिरक्या घेत गेलं. छत्र्या किती उघडल्या? एक. एकच पाहिली. कुणाची ते कसं कळणार?

त्यानंतरचे चार महिने वेंडल काम करायचा, जेवायचा, पण सगळं अर्ध्या चित्तानं. पोरं त्याच्याशी चेष्टा करायची थांबली. ती छत्री रॉस्कोची असेल, तर त्याच्या खिशात कुणाला मारणारा फोटो नाही, एवढाच त्याला आधार. आणि रॉस्कोची नसेल, तर? तर शेवटच्या उड्डाणाला त्याचं दैवत त्याच्या खिशातून कुणी काढून घेतलं? वेंडलचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. दिवसा नव्हता.

सप्टेंबरात बेल्जियम सुटलं. नऊ जणांची प्रेतं एका खेड्यातल्या चर्चच्या आवारात पुरलेली सापडली, तशी खबर आली, आणि वेंडलला काम मिळालं. त्या तुकडीचा विमानापुढचा फोटो नऊ घरी पाठवायचा; यादीत रॉस्कोचं घर नव्हतं. दहा जण, फुगलेल्या कपड्यांत, पोटं आत घेऊन हसणारे. त्यानं नऊ प्रती काढल्या आणि वाळायला दोरीवर लावल्या. तेवढ्यात दार उघडून रॉस्को आत आला.

रोडावला होता. अंगावर कुणाचातरी आखूड बाह्यांचा कोट, पायांत लाकडी तळव्याचे बूट. वेंडल धावला, पण रॉस्कोनं हात वर करून त्याला तिथेच थांबवलं. तो दोरीकडे बघत होता.

मग बोलायला लागला. एका शेतकऱ्याच्या घरी होता, सगळा उन्हाळा. तीनदा पोलिसांनी ओळखपत्र पाहिलं, काही झालं नाही. घर धडधाकट आहे. तो निघताना घरातली म्हातारी रडली. वेंडलनं डोळे मिटून घेतले. हेच ऐकायला तो चार महिने जगला होता.

"थांब, ऐक पुढचं," रॉस्को म्हणाला. "समुद्रावर विमान अजून खालूनच जात असतं, तोवर हातमोजे काढता येतात. मी दर वेळी तेव्हा पुडी उघडून फोटो बघायचो. त्या दिवशीही उघडली. आत दुसराच. मला कळलं. आज आपण जाणार. छत्री आम्ही कधी बांधत नाही, जड होते, गन चालवता येत नाही, पायाशी पडलेली असते. मी उचलली आणि छातीला अडकवली. बाकीचे बघून हसले. मी कारण सांगितलं नाही. असलं बोललं की खरं होतं म्हणतात ना, म्हणून नाही सांगितलं. पंख निघाला तेव्हा छत्री अंगावर होती ती एकट्या माझ्या."

वेंडल म्हणाला, "तू जगलास, पोरा. मी फोटो काढून घेतला म्हणून जगलास. कुणी विचारलं तर तसंच सांग, माझं नाव घे."

"सांगेन. नऊ आया हा फोटो भिंतीला लावणार. मी मधोमध उभा आहे. विचारतील, हा कसा वाचला? मी सांगेन, हौगननं माझा फोटो चोरला." रॉस्कोनं दोरीवरची एक प्रत हातात घेतली, अजून ओली होती. "मग त्या विचारतील, माझ्या पोराचा का नाही चोरला? त्यांना काय सांगू, म्हातारबा?"

वेंडलनं त्याच्या हातातली प्रत घेतली आणि परत दोरीला लावली. टपालाची गाडी चारला जायची. त्यानं नऊ लिफाफे काढले आणि पत्ते घालायला बसला, आणि रॉस्को तिथेच उभा राहून तो कुठला पत्ता घालतोय ते बघत राहिला.